घट

सावद्याच्या केळी-गोदामात मी वजनं लिहायची.
घडाचं, खोक्याचं, भरल्या ट्रकचं,
ओल्या पानांचं वजा करून.
आठव्या महिन्यात बोटांची टोकं
टोचून टोचून इतकी हुळहुळी झाली
की पेन दाबताना किलोच्या रकान्यात
एक लाल ठिपका पडला.
नेहतेशेठ म्हणाले, हा दशांश कुठून आला?
मी म्हटलं, घरून.

पाचव्या महिन्यातली तपासणी मी चुकवली होती.
कटाई जोरात होती. गाड्या थांबत नव्हत्या.
कळलं तेव्हा दोन तासांचा आकडा
एकशे शहाऐंशी.

आणि डोहाळजेवण तर ठरलेलं.
इंदूआत्यांनी उपड्या खापरावर मांडे टाकले,
हातावर झुलवत, उपरण्याएवढे.
"खाय वं माय, एका मांड्यानं काय होतं."
मी दीड खाल्ला.
हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
तुला सांगते.

जळगावला, काळोख्या थंड खोलीत
डॉक्टर फिरके बाईंनी पोटावर यंत्र फिरवलं
आणि पडद्यावर तुझं घर दिसलं.
चार खोल्या. तांदळाएवढी दारं,
सारखी उघडमीट,
जशी लग्नघरात कुणी ना कुणी आत-बाहेर करतंच.
छिद्र नाही, त्या म्हणाल्या.
फक्त मधली भिंत जाड आहे.

चिनावलला आमचं धाब्याचं घर.
दोन हात रुंद माती,
बाहेर शेहेचाळीस असलं तरी आत माठ गार राहतो.
मी म्हटलं, जाड भिंत चांगलीच की.
त्या हसल्या नाहीत.
भिंत आत वाढते, म्हणाल्या,
रक्ताला बसायला जागा उरत नाही.

मग त्यांनी कागदावर रेघ ओढून समजावलं.
माझी साखर नाळेतून तुझ्याकडे येते,
माझं इन्सुलिन येत नाही.
म्हणून तू तुझं बनवतेस, जास्तीचं,
आणि ते नुसती साखर उचलत नाही,
वाढवतही जातं: गाल, खांदे,
ती भिंत.

म्हणजे मी खात होते
आणि तू आत बसून
माझा हिशेब मिटवत होतीस.

चार किलो शंभर.
मावशी म्हणाली, पोरगी नाही, पहिलवान!
काटा मी स्वतः वाकून वाचला.
सगळे पेढे शोधायला धावले
आणि तुझी टाच टोचली तर एकतीस.
हात थरथरत होते तुझे,
पंखा लागलेल्या कागदासारखे.
नाळ कापली होती, साखर थांबली होती,
इन्सुलिनला कोण सांगणार?
वॅगन निघून गेल्यावरही
फलाटावर खांदा वाकवून हमाल उभा राहावा
तसं ते काम मागत राहिलं.

काचेच्या पेटीत तू, सलाइन लावलेली.
दुसऱ्या दिवशी भिंत मोजली: सात पूर्णांक दोन.
बऱ्याचदा ओसरते, फिरके बाई म्हणाल्या. थांबू.
"बऱ्याचदा" हा शब्द घेऊन मी घरी आले.
रात्री तुझे श्वास मोजायची,
मिनिटाला किती, वहीत, तारखेसकट.
भिंतीला कान असतात म्हणतात.
मी माझा लावायची.
तुझ्या बाबांनी एकदा दिवा लावला
आणि काही न विचारता परत घालवला.

सहा महिन्यांनी: चार पूर्णांक एक.

गोदामात घट आली की शेठ ओरडतात,
ड्रायव्हर शपथा घेतो,
मी लाल शाईने लिहिते.
त्या दिवशी बाकावर बसून मी वजाबाकी केली,
तीन पूर्णांक एक,
पुन्हा केली,
आणि तू माझ्या पेनाचं टोपण चोखत होतीस.

आता दर वर्षी माझं रक्त तपासायचं, असं सांगितलंय.
तुला काही आठवणार नाही. बरंच आहे.
इंदूआत्या अजून मांडे टाकतात.
परवा एक अर्धा मोडून त्यांनी माझ्या ताटात ठेवला,
मग माझ्याकडे बघितलं,
आणि काही न बोलता
आपल्या ताटात परत घेतला.